'कुणाला ताप आलाय?' : अर्ल ग्रेवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी हसलो, मग जरा ओशाळलो. चार ओळींत उत्तर देऊन सुटता येईना, म्हणून हे लांबण.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अर्ल ग्रे, म्हणजे बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गातल्या फळाच्या तेलाचा वास दिलेला चहा, यावर मी एक लेख लिहिला होता. त्यावर भरवसा ठेवून ताईंनी चारशे रुपये मोजून त्याचा डबा आणला. चौघांसाठी 'नेहमीसारखा' चहा टाकला. यजमान बाहेरच्या खोलीतून आत येऊन म्हणाले, "कुणाला ताप आलाय? कपाळावरच्या घड्यांचा वास येतोय." सगळं पातेलं मोरीत गेलं. शिवाय ताईंचे आरोप असे: हा चहा नसून युडिकोलन आहे, 'संत्र्याच्या सालीचा सुगंध' ही माझी थाप आहे, चिनी मंदारिनाची, म्हणजे सरदाराची, गोष्ट खोटी आहे (हे त्यांच्या लेकाने शोधून काढलं), आणि 'दूध घालूच नका' हा शुद्ध शिष्टपणा आहे.

पहिल्यांदा यजमानांच्या नाकाला माझा नमस्कार सांगा. इतकं अचूक नाक फार थोड्यांना असतं. बर्गमॉटच्या सालीचं तेल हा युडिकोलनचा एक मुख्य घटक. इटलीहून आलेल्या फरिना घराण्याने १७०९ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात दुकान थाटलं, तेव्हापासून त्या अत्तराच्या पाण्यात हे तेल आहे. आपल्याकडे ते अत्तर म्हणून कमी आणि तापात कपाळावर ठेवायच्या घड्यांसाठीच जास्त वापरलं गेलं. माझ्या लहानपणी आई स्टीलच्या वाटीत पाणी घ्यायची, त्यात बाटलीतून मोजके थेंब टाकायची आणि बाबांचा जुना रुमाल बुडवून पिळायची. त्यामुळे ज्याला तो वास आधी तापात भेटला, त्याला तो चहात आला की कपाळ आठवणारच. इटलीत जिथे बर्गमॉट पिकतं त्या कॅलाब्रियातल्या माणसाला तोच वास बागेतला वाटत असेल. तुमच्या घरात ही ओळख उलट्या क्रमाने झाली, एवढाच चहाचा गुन्हा.

आता तो 'नेहमीसारखा' शब्द. नेहमीसारखा म्हणजे आधणात साखर, चहा, आलं, मग दूध आणि दोन-तीन उकळ्या, बरोबर? घरच्या चहा पावडरीला ते मानवतं. ती बारीक दाणेदार असते, उकळल्यावर रंग आणि कडकपणा देते, दुधाला पुरून उरते. अर्ल ग्रेचं तसं नाही. त्याचा वास पानात जन्मलेला नसतो, तयार चहावर वरून चढवलेला असतो आणि वाफेबरोबर भराभर उडतो. तुमच्या पातेल्यातला वास कपात राहिलाच नाही, तो घरभर गेला. म्हणून तर यजमानांना बाहेरच्या खोलीत ताप आठवला. खाली उरलं ते तुरट पाणी. इथे चूक माझी, कारण कसा करायचा हे मी लेखाच्या शेवटी एका ओळीत उरकलं होतं.

म्हणून आता नीट सांगतो. एका कपाला सपाट चमचाभर चहा, साधारण दोन ग्रॅम. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा, पाणी चहावर ओतायचं आणि लगेच झाकण ठेवायचं. झाकण विसरलात तर पुन्हा तेच होईल. तीन मिनिटांनी गाळायचं, फार तर चार. गाळणीतला चोथा पिळायचा नाही. आलं, वेलदोडा, गवती चहा यांतलं काहीही नको. ही सगळी सुंदर माणसं आहेत, पण एका खोलीत कोंडली की भांडतात.

दुधाबाबत तुमचं म्हणणं मान्य. 'घालूच नका' हा आगाऊपणा होता. इंग्लंडात दूध घालणारे पुष्कळ आहेत, आणि कॅनडातल्या व्हँकुव्हरहून आलेला 'लंडन फॉग' म्हणजे तर अर्ल ग्रेत वाफाळलेलं दूध आणि व्हॅनिला. फक्त दूध वेगळं तापवून, चहा गाळल्यावर घाला, आणि मूळ चहा आसामचा असू द्या. नाजूक दार्जिलिंग असेल तर दूधही बुडतं आणि दार्जिलिंगही. खरं तर चांगल्या दार्जिलिंगवर बर्गमॉट शिंपडणं मला पटतच नाही. त्याला स्वतःचा वास आहे, त्यावर अत्तर कशाला? कोरा प्यायचा तर निलगिरीचा किंवा श्रीलंकेचा बघा.

चारशे रुपये मलाही खुपले. पुढच्या वेळी मिळेल ते सगळ्यात लहान पाकीट घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. 'बर्गमॉट तेल' असं स्पष्ट लिहिलंय की नुसतं 'फ्लेवर', ते बघा. फ्लेवर म्हणजे विष नव्हे, पण स्वस्त मालात तो बहुधा सढळ हाताने पडलेला असतो, आणि साबणाची शंका तिथूनच येते. काही पाकिटांत चहात मिसळलेल्या निळ्या पाकळ्यांना भुलू नका. त्या दिसायला गोड, चवीला शून्य. पाकिटावरची तारीख मात्र बघाच. लिंबूवर्गातली तेलं हवा लागून जुनी झाली की त्यांचा वास टर्पेंटाइनकडे झुकतो. वास किती असावा यावर तिकडेही एकमत नाही. ट्वायनिंग्स या इंग्लंडातल्या चहा कंपनीने २०११ मध्ये आपल्या अर्ल ग्रेत बर्गमॉट वाढवून लिंबाची झाक दिली, तर जुनी गिऱ्हाइकं इतकी खवळली की जुनी चव 'क्लासिक' म्हणून परत विकायला ठेवावी लागली.

संत्र्याचं म्हणाल तर कान पकडतो. बर्गमॉट हे संत्रं नाही. कडू नारिंग आणि पिवळं परदेशी लिंबू यांच्या संकरातून आलेलं ते फळ. आधी हिरवं, पिकत जाईल तसं पिवळं, आणि रस इतका आंबट-कडू की सोलून खाणारा विरळाच. जगातलं बहुतेक बर्गमॉट इटलीच्या टोकाशी, रेज्जो कॅलाब्रियाच्या किनारपट्टीत पिकतं, आणि किंमत असते ती सालीला. पूर्वी तिथले कामगार सालीची वाटी हातातल्या स्पंजावर दाबून फिरवत, तेल स्पंजात उतरे, मग स्पंज भांड्यात पिळत. १८४४ मध्ये निकोला बारिल्ला याने यंत्र केलं तेव्हा हातांना सुट्टी मिळाली. किलोभर तेलाला आजही दोनशे किलोच्या आसपास फळं लागतात. हे वाचलं तेव्हापासून मी उरलेला अर्धा कप ओतून देत नाही.

आणि मंदारिन. तुमच्या लेकाला शाबासकी द्या. चिनी सरदाराच्या मुलाला बुडताना वाचवलं म्हणून त्याने चार्ल्स ग्रे यांना, म्हणजे ज्यांच्या नावाने हा चहा ओळखला जातो त्या उमरावाला (अर्लला), हा चहा भेट दिला, असं मी बेधडक लिहून गेलो. ग्रे कधी चीनला गेलेच नव्हते, आणि बर्गमॉट ही चहाला वास देण्याची चिनी रीत नव्हे. ग्रे १८३० ते १८३४ ब्रिटनचे पंतप्रधान होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १८३३ च्या कायद्याने, ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारातली मक्तेदारी संपली, म्हणजे चहाशी त्यांचा संबंध आहे तो असा. उलट १८३७ मध्ये इंग्लंडात एका चहा कंपनीवर बर्गमॉटचा वास लावलेला माल खपवल्याचा आरोप झाला होता. म्हणजे हा वास आधी हलक्या चहाला वर काढण्याची युक्ती होता, उमरावाचं नाव त्याला मागाहून चिकटलं. मला तर ही गोष्ट मंदारिनापेक्षा जास्त आवडली. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

एक सूचना राहिली. तो डबा घरच्या चहाच्या डब्याशेजारी ठेवू नका. मी ठेवला होता, तोही झाकण सैल असलेला. चहाचं पान शेजारचा वास पटकन ओढून घेतं. पंधरा दिवस आमच्याकडे आल्याचा युडिकोलन चहा झाला आणि आईने माझ्याशी बोलणं कमी केलं.

उरलेल्या चहाचं असं करा: तीन चमचे चहा अर्धा लिटर गार पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा, चवीपुरती साखर घाला. गार असला की वास कमी उसळतो आणि तुरटपणाही बेताचा राहतो. दुपारी यजमानांना काचेच्या ग्लासात द्या, कसला चहा ते सांगू नका. तरीही त्यांनी ताप कुणाला आलाय म्हणून विचारलं, तर डबा इकडे पाठवून द्या. निम्मे पैसे मी देतो. निम्मा तरी उरला असेल ना?