भार एकाहून कमी असणे पुरेसे नाही
जाळ्यातील प्रत्येक राउटरवरील (पॅकेटे, म्हणजे माहितीचे तुकडे, पुढे पाठवणाऱ्या यंत्रावरील) सरासरी भार, म्हणजे दर एकक वेळेत येणारे काम, एकाहून कमी असला की रांगा आटोक्यात राहतात, असे एका लेखात म्हटले आहे; ते विधान एकट्या रांगेपुरते खरे आहे. गणितज्ञ रिब्को आणि स्टोल्यार यांच्या १९९२ च्या उदाहरणात दोन केंद्रांतून (राउटरांतून) परस्परविरुद्ध दिशांनी पॅकेटांचे दोन प्रवाह जातात, म्हणजे प्रत्येक केंद्रात एका प्रवाहाचा प्रवेश आणि दुसऱ्याचे निर्गमन होते, आणि बाहेर पडणाऱ्या पॅकेटांना अग्रक्रम मिळतो. प्रत्येक प्रवाहात दर एकक वेळेला सरासरी एक पॅकेट येते, प्रवेशाला ०.१ आणि निर्गमनाला ०.६ वेळ लागतो असे धरल्यास प्रत्येक केंद्रावरील भार ०.७ च भरतो. मात्र एक केंद्र निर्गमनात गुंतले की त्याच्याकडील नवी पॅकेटे अडकतात आणि दुसऱ्या केंद्राला निर्गमनाचे काम पोहोचत नाही. त्यामुळे दोन्ही निर्गमने (आरंभीचा काळ सोडल्यास) एकाच वेळी कधीच चालत नाहीत, त्यांच्या भाराची बेरीज १.२, म्हणजे एकाहून जास्त, होते आणि रांगा अमर्याद वाढतात. ‘आधी येईल त्याला आधी’ हा निरुपद्रवी वाटणारा नियमही अस्थिर ठरू शकतो, हे गणितज्ञ ब्रॅमसन यांनी १९९४ मध्ये दाखवले.