‘घरचं बी म्हणजे वेळ आणि पाणी वाया’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात धणे आणि घरी धरलेलं भेंडीचं बी काळ्या मातीत लावलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. धणे उगवलेच नाहीत, भेंडी तुरळक आली आणि तीही एका झाडाची एक तऱ्हा. म्हणून घरचं बी लावणं म्हणजे वेळ आणि पाणी वाया. पाण्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. लातूर-बीडकडं मेमध्ये टँकरवर भागवावं लागत असेल, तर पेरूच नका. पण बियाला दिलेला दोष पटत नाही.

कोथिंबीर थंडीचं पीक. मेच्या तापलेल्या मातीत धणे तसेच पडून राहतात. उगवलेच तर चार पानांत फुलावर येतात. सप्टेंबरअखेर ते जानेवारी हा तिचा खरा हंगाम. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून चपलेनं हलकं रगडून फाकी करायच्या, भुगा नाही. रात्रभर भिजवून एक-दीड सेंटिमीटर खोल टाकायचं आणि 8 ते 12 दिवस थांबायचं. मध्येच उकरून बघितलं की कोंब मोडतो.

भेंडीचं बहुतेक पाण्यानंच बिघडलं. काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात बी कुजतं. वरून ऊन लागलं की पापडी धरते आणि कोंब खालीच अडकतो. आधी वाफा भिजवा, वाफसा आला (माती ओलसर पण चिकट नाही) की मग लावा. मूठभर माती दाबून लाडू वळा. बोटानं ढकलल्यावर फुटला आणि हाताला चिकटला नाही, तर वाफसा आहे. बी 2 सेंटिमीटर खोल, वर मातीऐवजी चाळलेलं शेणखत, त्यावर सोयाबीनच्या भुसकटाचा पातळ थर. पुढं पाणी झारीनंच, तेही वरची माती कोरडी वाटली तर. कोंब दिसले की भुसकट लगेच बाजूला सारायचं, नाहीतर रोपं उंच आणि लुळी होतात.

झाडं एकसारखी का नाहीत? मूळ पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असणार. ते दोन वाणांच्या संकरातून केलेलं असतं, त्याच्या बियांतून पुढची पिढी एकसारखी न येता वेगवेगळी निघते. बी धरायचं तर सुधारित, म्हणजे संकरित नसलेलं वाण घ्या. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ आहेच. शेजारी दुसरी भेंडी असेल तर मधमाश्या भेसळ करतात. उद्या उमलणारी कळी फुगून पिवळसर दिसते. आज संध्याकाळीच तिच्या टोकाला दोरा बांधा, म्हणजे ती उमलणार नाही. भेंडीचं फूल न उमलताही स्वतःच्याच परागानं आतल्या आत फळतं. देठाला खुणेची चिंधी बांधा आणि शेंग झाडावरच 35-40 दिवस वाळू द्या. यासाठी एक-दोन निरोगी झाडंच ठेवा, कारण जून शेंगा राहिल्या की झाड नवी भेंडी कमी धरतं. खायची भेंडी फूल उमलल्यावर 5-6 दिवसांत, दिवसाआड तोडायची.

बी सावलीत वाळवून, कोरडी राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पेरायच्या आठवडाभर आधी 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळा. 7-8 बियांना मोड आले तर नेहमीसारखं पेरा, 5 बियांना आले तर दुप्पट टाका, त्याहून कमी असतील तर ते बी लावू नका.