‘सीसीएसआयडी १२०८ करा, सगळं नीट होईल’: हा सल्ला कुठे कुठे चुकतो

आयबीएम एमक्यू, म्हणजे एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे मेसेज रांगेतून (क्यूमधून) पोचवणारं सॉफ्टवेअर, सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो. त्याचा आशय असा: ‘ॲडमिन कन्सोलमध्ये मेसेज वेडावाकडा दिसतोय, म्हणजे एमक्यूने तो बिघडवलाय. क्यू मॅनेजरचा सीसीएसआयडी १२०८ करा, चॅनलवर कन्व्हर्ट चालू करा आणि अडकलेले मेसेज कन्सोलमधूनच सुधारून परत टाका.’ क्यू मॅनेजर म्हणजे या रांगा सांभाळणारा एमक्यूचा मुख्य भाग, चॅनल म्हणजे दोन क्यू मॅनेजरांमधला दुवा, कन्व्हर्ट म्हणजे मजकूर एका एन्कोडिंगमधून दुसऱ्यात बदलणं, आणि सीसीएसआयडी म्हणजे अक्षरं कुठल्या एन्कोडिंगने बाइट्समध्ये लिहिलीत ते सांगणारा क्रमांक. १२०८ म्हणजे यूटीएफ-८, जवळपास सगळ्या लिप्या सामावणारं एन्कोडिंग, त्यामुळे ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही. शेवटचं तर चालू सिस्टिमवर अमलात आणलं तर डेटा कायमचा जाऊ शकतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ‘एमक्यूने बिघडवलाय’ हे. क्यू मॅनेजर मेसेजच्या मजकुराला आपणहून हात लावत नाही. जे बाइट्स आत टाकले तेच तो ठेवतो. रूपांतर साधारण दोनच प्रसंगी होतं: मेसेज घेणारा प्रोग्राम कन्व्हर्टचा पर्याय देऊन मागतो तेव्हा, किंवा पाठवणाऱ्या चॅनलवर ते चालू केलेलं असतं तेव्हा. एरवी मजकूर कसा वाचायचा हे मेसेजच्या हेडरमधल्या मुख्यतः दोन खुणा सांगतात, फॉरमॅट (मजकुराचा प्रकार) आणि सीसीएसआयडी. कन्सोल हाही शेवटी मेसेज वाचणारा एक प्रोग्रामच. तो बाइट्स उचलतो, हेडरमधला क्रमांक बघून त्यांची अक्षरं करतो आणि हाताशी असलेल्या फॉन्टमध्ये काढून दाखवतो. यातली कुठलीही पायरी चुकली तरी पडद्यावर कचरा दिसतो आणि मेसेज मात्र धडधाकट असतो.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी हेक्स, म्हणजे प्रत्येक बाइट दोन चिन्हांत दाखवणारं रूप, बघायचं. एमक्यूसोबत येणारा एएमक्यूएसबीसीजी हा सॅम्पल प्रोग्राम मेसेज क्यूमधून न काढता हेडर आणि मजकूर हेक्समध्ये दाखवतो. ‘म’ हे एकच अक्षर घ्या. यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट्स होतात: ई०, ए४, एई. हे तिन्ही दिसले आणि हेडरमध्ये १२०८ असेल तर मेसेज बरोबर आहे, दोष कन्सोलचा. अक्षराऐवजी रिकामी चौकट दिसत असेल तर बहुधा फक्त फॉन्ट नाही. तेच तीन बाइट्स आहेत पण हेडरमध्ये ८१९, म्हणजे लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय भाषांचं, एका बाइटला एक अक्षर देणारं एन्कोडिंग), लिहिलंय? मग एका ‘म’ची तीन परकी चिन्हं दाखवणारा कन्सोल आपलं काम चोखच करतोय. चूक क्रमांक लिहिणाऱ्याची. बाइट्स शाबूत असल्यामुळे ही चूक पूर्ण दुरुस्त होते.

तिनाऐवजी सहा बाइट्स दिसले, सी३ ए० सी२ ए४ सी२ एई असे, तर वाटेत कुणीतरी यूटीएफ-८ मजकूर लॅटिन-१ समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये बदललाय. असा मजकूर उलट्या क्रमाने मागे आणता येतो, पण क्यू मॅनेजरच्या कुठल्याही सेटिंगने नाही. तो दुहेरी फेरा करणारा प्रोग्रामच शोधावा लागतो. आणि एकटा ३एफ दिसला तर ते खरोखरचं प्रश्नचिन्ह आहे. निवडलेल्या एन्कोडिंगमध्ये न बसणाऱ्या अक्षराच्या जागी जावा प्रोग्राम हेच टाकतात. तिथे मूळ अक्षर उरलेलंच नाही, ते पाठवणाऱ्याकडूनच पुन्हा मागवावं लागतं. जावा १८ (२०२२) पासून डीफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे. त्याआधी ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेटिंगवर ठरायचं. त्यामुळे एका सर्व्हरवर नीट चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर प्रश्नचिन्हं लिहू लागला, तर संशय आधी इथे घ्यावा.

आता १२०८ चा मुद्दा. हा बदल केल्यावर क्यूमध्ये आधीपासून पडलेल्या मेसेजचे हेडर बदलत नाहीत, म्हणजे ज्यासाठी धावपळ केली ते मेसेज जसेच्या तसे राहतात. चालू असलेले प्रोग्रामही जुनाच क्रमांक धरून बसतात, क्यू मॅनेजर रीस्टार्ट करावा लागतो. त्याहून वाईट पुढे आहे. बरेच प्रोग्राम हेडरमध्ये सीसीएसआयडीच्या जागी शून्य टाकतात, आणि मग क्यू मॅनेजर तिथे स्वतःचा क्रमांक भरतो. समजा एखादा जुना प्रोग्राम लॅटिन-१ मध्ये लिहितो, शून्य टाकतो आणि क्यू मॅनेजर ८१९ वर आहे. सगळं सुरळीत. तुम्ही १२०८ केलंत की तेच बाइट्स यूटीएफ-८ म्हणून पुढे जाऊ लागतात. साध्या रोमन अक्षरांचे आणि आकड्यांचे बाइट्स दोन्हीकडे सारखेच असल्याने टेस्टिंग बिनबोभाट पार पडतं. मग कधीतरी एका फ्रेंच नावातला स्वराघाताचा ‘ई’ येतो. लॅटिन-१ मध्ये तो एकटा ई९ असतो, आणि यूटीएफ-८ मध्ये एकटा ई९ वैधच नाही. नवा क्यू मॅनेजर उभा करताना सगळे प्रोग्राम यूटीएफ-८ बोलत असतील तर १२०८ जरूर ठेवा. चालू क्यू मॅनेजरवर औषध म्हणून नको.

मेनफ्रेमकडून येणाऱ्या मजकुरात तर बहुधा १२०८ चा संबंधच नसतो, तो एबसीडिक या आयबीएमच्या वेगळ्या एन्कोडिंग-कुटुंबात लिहिलेला असतो. एबसीडिकच्या ३७ आणि १०४७ या कोडपेजमध्ये (अक्षर आणि बाइट यांच्या तक्त्यांमध्ये) अक्षरं आणि आकडे सारखेच आहेत, चौकटी कंस मात्र वेगळे. १०४७ मध्ये लिहिलेल्या जेसनवर हेडरमध्ये ३७ असं पडलं, तर रूपांतरानंतर बाकी सगळं वाचता येतं आणि फक्त कंसांच्या जागी स्वराघाताचा ‘वाय’ आणि दोन टिंबं उगवतात. हे दिसलं की हेडरमधला क्रमांक बघायचा, बाकी शोधत बसू नये.

चॅनलवरचं कन्व्हर्ट मुळात बंद असतं आणि ते तसंच बरं. रूपांतर घेणाऱ्याने करावं. चॅनलवर ते फसलं तर मेसेज डेड लेटर क्यूमध्ये (न पोचलेल्या मेसेजच्या रांगेत) जातो, आणि तिथेही ठेवता आला नाही तर चॅनलच थांबतो. घेणाऱ्याने मागूनही रूपांतर होत नसेल तर फॉरमॅट बघा. तो रिकामा असेल तर एमक्यू मजकूर न बदलता हाती देतं आणि २११० ही सूचना सोबत पाठवतं. जेएमएसमधून (जावाची मेसेज पाठवण्याची प्रमाणित पद्धत) बाइट्स मेसेज पाठवला की मजकुराचा फॉरमॅट असाच रिकामा असतो.

राहिलं ‘कन्सोलमधून सुधारून परत टाका’. तिथे कॉपी होतो तो कन्सोलने लावलेला अर्थ, मूळ बाइट्स नव्हेत. कन्सोलने मजकूर ठरावीक बाइट्सपर्यंतच दाखवला असेल तर पुढचा भाग गेलाच. देवनागरीत तर काप अक्षराच्या मधोमधही पडू शकतो. नव्या मेसेजला नवा मेसेज आयडी मिळतो, कोरिलेशन आयडी (उत्तराला मूळ मेसेजशी जोडणारी खूण) आणि मुदत हातून निसटू शकतात, आणि उत्तराची वाट पाहणाऱ्या प्रोग्रामला त्याचं उत्तर सापडत नाही. डीएमपीएमक्यूएमएसजी या एमक्यूच्या कमांडने मेसेज हेडरसकट फाइलमध्ये उतरवा, मूळ प्रत जपून ठेवा, आणि फक्त क्रमांकच चुकला असेल तर तेवढाच बदलून परत भरा.

रॅबिटएमक्यू या दुसऱ्या मेसेज ब्रोकरच्या (मेसेज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) बाबतीत याच सल्ल्याचं भावंड ऐकू येतं: ‘बेस६४ (कुठलेही बाइट्स साध्या रोमन अक्षरांत लिहायची पद्धत) दिसतंय, मेसेज खराब झालाय.’ तिथला मॅनेजमेंट एपीआय मजकूर वैध यूटीएफ-८ असेल तर अक्षरांत दाखवतो, नसेल तर बेस६४ मध्ये. त्या मेसेजमध्ये झिप केलेला डेटा असू शकतो किंवा लॅटिन-१ मजकूर. ब्रोकरने त्यातला एकही बाइट बदललेला नसतो.

दुरुस्ती तपासायला ‘म’, फ्रेंच ‘ई’ आणि चौकटी कंस असलेला एकच मेसेज पाठवा. पाठवल्यावर, चॅनल ओलांडल्यावर आणि घेणाऱ्या प्रोग्रामच्या हाती आल्यावर, असं तीन ठिकाणी हेक्स आणि हेडरमधला क्रमांक दोन्ही लिहून घ्या. घेणाऱ्याने रूपांतर मागितलं असेल तर शेवटच्या ठिकाणी दोन्ही बरोबरीने बदललेले दिसायला हवेत.