फुलत नाही म्हणून मोगरा कचऱ्यात?

आज सकाळी सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यांशेजारी एक मोगरा दिसला. कुंडीसकट, जिवंत, पानं हिरवीगार. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "आणला तेव्हा फुलला, मग दोन वर्षं फूल नाही, टाका म्हनले." ऐन वैशाखात! चौकाचौकात गजऱ्यांच्या पाट्या लागल्यात आणि इकडे मोगरा कचऱ्याच्या गाडीची वाट बघतोय. सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

त्या झाडाला काहीही झालेलं नाही. नुसतं दोन मिनिटं उकिडवं बसून बघितलं असतं तरी कळलं असतं. फांद्या हातभर लांब, वेलासारख्या लोंबणाऱ्या, दोन पेरांत, म्हणजे पानं फुटतात त्या गाठींत, चार-चार बोटं अंतर. मोगऱ्याची पेरं अशी लांबली की समजावं, याला ऊन मिळत नाहीये. शेंड्यांवर पहिल्या बहराचे वाळके तपकिरी देठ तसेच. म्हणजे दोन वर्षांत कात्री एकदाही लागलेली नाही. कुंडी आठ इंची, काळ्या प्लॅस्टिकची, तळाच्या भोकातून मुळ्या बाहेर आलेल्या. आणि खोडाला लागून रासायनिक खताचे दाणे, मूठभर! त्यात नत्र जास्त गेलं की पानं माजतात आणि कळी धरत नाही. एवढी हिरवीगार पानं त्यामुळेच तर होती.

मोगऱ्याला फूल येतं नव्या फुटव्याच्या शेंड्यावर. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे. जुन्या, तपकिरी फांदीवर कितीही वाट बघा, कळी येणार नाही. नवा फुटवा हवा तर छाटणी हवी. ती करायची जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. आधी आठेक दिवस पाणी कमी करत आणायचं, झाड मरगळेल इतकं तोडायचं मात्र नाही. संत्र्या-मोसंबीच्या बागेला बहार धरताना ताण देतात, तेच तत्त्व. मग प्रत्येक फांदी साधारण निम्म्यावर कापायची, पेराच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका काप देऊन. वाळकी, एकमेकींवर घासणारी, काडीसारखी बारीक फांदी बुडाशी कापून काढायची. उरलेली जुनी पानं हाताने खुडायची. वरची दोन इंच माती उकरून दोन मुठी गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड घालायची आणि मग भरपूर पाणी. पंधरा दिवसांत पोपटी फुटवे दिसतात, मार्चअखेर कळ्या.

पण लोकांचा हातच उठत नाही. "एवढं छान वाढलंय, कशाला कापायचं?" हे वाक्य ऐकलं की मला खरंच त्रास होतो.

पहिला बहर संपला की काम संपलं, असंही नाही. फुलं गेलेल्या शेंड्याखालची दोन पेरं धरून फांदी खुडायची. तिथून दोन फुटवे येतात, म्हणजे एका शेंड्याचे दोन शेंडे, आणि महिना-सव्वा महिन्यात पुन्हा कळ्या. प्रत्येक बहरानंतर हे केलं तर पावसाळा लागेपर्यंत झाड थांबत नाही. कळ्या बहुधा तिनाच्या झुबक्यात असतात, मधली आधी फुलते, बाजूच्या दोघी मागून. म्हणून मधलं फूल गेल्या गेल्या घाईने अख्खा झुबका कापू नका. डब्याजवळच्या त्या मोगऱ्याला कुणी एकदा जरी असं खुडलं असतं ना...

आणि ते रील्स! केळीच्या सालीचं पाणी घाला, सात दिवसांत झाड कळ्यांनी लगडेल. कांद्याच्या सालीचं पाणी घाला. दूध-साखरेची चहापत्ती तशीच ओता. सालीच्या पाण्यातून झाडाला मिळतं फार थोडं, चिलटं मात्र घरभर होतात. चहापत्ती न धुता टाकली तर मुंग्या आणि बुरशी ठरलेली. सावलीतल्या, न छाटलेल्या झाडाला जगातलं कुठलंही पाणी घातलं तरी ते फुलणार नाही. त्याला रोज निदान पाच तास थेट ऊन लागतं, जास्त मिळालं तर उत्तमच.

ठीक आहे, सगळ्यांच्या बाल्कनीत ऊन येत नाही, हे मान्य. उत्तरेच्या बाल्कनीत मोगरा लावूच नका, गच्चीवर किंवा खाली आवारात जागा मागा. नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. देऊन टाका म्हणतेय मी, फेकून नाही.

ऊन हवं म्हणजे कुंडी तापलेली चालते असं नाही. काळी प्लॅस्टिकची कुंडी दुपारी कठड्यावर ठेवली तर आतली मुळं शिजतात. झाड उन्हात आणि कुंडी सावलीत, अशी मांडणी करायची. पुढे एक वीट, जुनं फळकूट किंवा दुसरी कुंडी ठेवली तरी भागतं. मातीची बारा इंची कुंडी सगळ्यात बरी. मातीवर नारळाच्या शेंड्या नाहीतर वाळक्या पानांचा दोन इंच थर द्या. पाणी सकाळी, खालून बाहेर येईपर्यंत. संध्याकाळी बोट दोन पेरं आत घालून बघायचं, कोरडं लागलं तर पुन्हा. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नका.

पानं पिवळी पडली आणि शिरा हिरव्या राहिल्या तर ते बहुतेक बोअरच्या जड पाण्याचं काम. मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम विरघळवून महिन्यातून एकदा मुळाशी द्या. पानांवर बारीक ठिपके, मागे जाळी दिसली तर लाल कोळी, ही एक बारीकशी कीड. कडक उन्हात तो हमखास येतो. तीन-चार दिवस रोज सकाळी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, नाही आवरला तर निंबोळी तेल, तेही ऊन उतरल्यावर. कळ्या जांभळट होऊन भोकं पडली तर आत अळी आहे. त्या कळ्या तोडून लांब टाका, कुंडीत पाडू नका. आणि घरात कुत्रं असेल तर हाडांचं खत घालायच्या भानगडीत पडू नका, वासाने ते अख्खी कुंडी उकरतं.

आता लिहितालिहिता राग जरा उतरलाय. खरं सांगायचं तर हे कुणी शिकवत नाही. नर्सरीत कळ्यांनी भरलेलं रोप हातात देतात, कापायचं कसं ते सांगत नाहीत. घरी आणल्यावर ते रुसलं की माणसाला वाटतं आपल्याच हाताला यश नाही. तसं नसतं हो. संध्याकाळी टपोरी, पांढरी, उमलायच्या बेतातली कळी खुडायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, चार माठात सोडायच्या, दोन उशाशी. पुस्तक घेऊन बाल्कनीत बसावं तर सातनंतर वास असा येतो की पान उलटायचं राहून जातं. (माठात फक्त घरच्या, फवारणी न केलेल्या कळ्या घाला. बाजारच्या नको.) कुणाला तरी हे सगळं मिळणार होतं आणि ते कचऱ्याच्या गाडीत चाललं होतं, म्हणून जीव तुटला, बाकी काही नाही.

तो मोगरा मी उचललाय. मे महिन्यात कुंडी बदलणं बरं नाही, पण मुळं एवढी कोंडल्यावर इलाज नव्हता. गोलगोल फिरलेल्या बाहेरच्या मुळ्या तेवढ्या मोकळ्या केल्या, दाणे आणि वरची माती काढून टाकली, चार भाग माती, तीन भाग शेणखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग वाळू असं मिश्रण भरून बारा इंची कुंडीत लावला. छाटला फक्त तिसरा हिस्सा, एवढ्या उन्हात निम्मा कापत नाहीत. खत महिनाभर काहीही नाही. आठ दिवस तो बी विंगच्या जिन्याखाली सावलीत राहील, मग सकाळच्या उन्हात. ज्यांचा आहे त्यांनी हे वाचलं तर खुशाल परत न्या. जूनमध्ये दोन फांद्या दाबकलमासाठी (फांदी मातीत दाबून मुळं फुटवायची, त्यासाठी) मागेन, तेवढ्या द्या.