डॉन फॉक्सची हुकलेली किक : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रग्बीचाच एक प्रकार असलेल्या रग्बी लीगमधील अविस्मरणीय क्षणांवरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपला मुख्य आक्षेप असा की, गोलखांबांसमोरची अगदी सोपी किक हुकवणाऱ्या डॉन फॉक्सला मी निम्मा लेख दिला आणि बिली बॉस्टनसारख्या खेळाडूची एका वाक्यात बोळवण केली. शिवाय हरलेल्याविषयी वाटणारी कणव म्हणजे खेळाची पारख नव्हे, असेही आपण सुनावले आहे. बॉस्टनविषयीचे आपले म्हणणे मला मान्य आहे आणि त्याकडे मी पुढे येतो. फॉक्सविषयीचे मात्र मान्य नाही, कारण त्याची दया आली म्हणून मी त्याच्यावर लिहिलेले नाही.

11 मे 1968 रोजी वेम्ब्लीवर लीड्स आणि वेकफिल्ड ट्रिनिटी या इंग्लिश क्लबांमध्ये चॅलेंज कप या बाद स्पर्धेचा अंतिम सामना झाला. पावसाने मैदानात इतके पाणी साचले होते की धावणारा खेळाडू पडला की पाण्यावरून लांबपर्यंत घसरत जाई. शेवटच्या मिनिटांत लीड्स 11-7 असे पुढे होते. खेळ पुन्हा सुरू होताच वेकफिल्डच्या केन हर्स्टने निसटता चेंडू हातात घेण्याच्या फंदात न पडता पायानेच पुढे ढकलत नेला आणि खांबांजवळ ट्राय केला, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला. तेव्हा ट्रायला 3 गुण असत, त्यामुळे फरक एका गुणाचा उरला. ट्रायनंतर खांबांमधून मारायच्या किकचे, म्हणजे गोलचे, 2 गुण मिळाले असते, तर कप वेकफिल्डचा होता. फॉक्सने मारलेला चेंडू खांबांच्या बाहेरून गेला, फॉक्स गुडघ्यांवर कोसळला आणि समालोचक एडी वॉरिंग यांच्या तोंडून 'बिचारा' असा उद्गार निघाला.

आपण म्हणता तशी ही किक सोपी होती का? अंतर आणि कोन पाहिला तर होतीच. पण त्या काळी चेंडू उभा ठेवायला आजच्यासारखी प्लास्टिकची बैठक नसे. खेळाडू बुटाच्या टाचेने जमिनीत खाच करी, तीत चेंडू उभा ठेवी आणि बुटाच्या टोकाने सरळ फटका मारी. अशा किकमध्ये सगळी भिस्त रोवलेल्या पायावर असते, आणि त्या दिवशी पाय रोवायला जमीनच राहिली नव्हती. तरीही त्याच पाण्यात फॉक्सने त्याआधी दोन गोल केले होते. वेकफिल्डच्या 10 गुणांपैकी 4 त्याचे होते. संघाचा नेहमीचा किक मारणारा होता त्याचा धाकटा भाऊ नील, ज्याच्या नावावर पुढे कारकिर्दीतील 6,220 गुणांचा जागतिक विक्रम लागला. नील दुखापतीमुळे या सामन्यात नव्हता, म्हणून ती जबाबदारी डॉनकडे आली होती.

आणि आता ती गोष्ट, जी मूळ लेखात पुरेशी ठळकपणे न मांडणे ही माझी चूक होती. अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला दिली जाणारी लान्स टॉड ट्रॉफी त्या दिवशी डॉन फॉक्सला मिळाली, आणि पत्रकारांनी आपली मते ही किक मारली जाण्यापूर्वीच दिलेली होती. म्हणजे ज्यांनी जवळजवळ पूर्ण सामना जागेवर बसून पाहिला, त्यांचा कौल त्याच्या बाजूने होता. त्याची आठवण मात्र उरली ती शेवटच्या एका किकची. आधीच्या फेदरस्टोन रोव्हर्स या क्लबसाठी स्क्रम-हाफ, म्हणजे चेंडू पुढे खेळवणारा चपळ खेळाडू, म्हणून खेळताना त्याने 162 ट्राय केले होते, तो क्लबचा विक्रम आहे, आणि वेकफिल्डसाठी तो फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या दणकट फळीत, तितक्याच ताकदीने उभा राहिला. आपण मला पारखेची आठवण करून दिलीत. माझ्या मते पारख ती हीच.

रग्बी युनियन आणि रग्बी लीग यांत 'दोन खेळाडूंचाच काय तो फरक' आहे, हे आपले विधानही मला पटत नाही. युनियनच्या 15 ऐवजी लीगमध्ये 13 खेळाडू आहेत, टॅकल झालेला, म्हणजे धरून पाडला गेलेला, खेळाडू उठून चेंडू टाचेने मागे सरकवतो, आणि सहा टॅकलनंतर चेंडू सोडावा लागतो. पण मूळ फरक त्याहून जुना आहे. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात इंग्लंडच्या उत्तरेकडील क्लब युनियनपासून वेगळे झाले आणि त्यातून लीग उभी राहिली; ते वेगळे झाले सामन्यासाठी खाण किंवा गिरणीतली पाळी चुकवणाऱ्या कामगाराची बुडालेली मजुरी भरून द्यायची की नाही या प्रश्नावर. फॉक्स बंधूंचे शार्लस्टन हे गाव अशाच खाणकामगारांचे होते.

आता बॉस्टन. इथे आपण बरोबर आहात आणि मला संकोच वाटतो आहे. वेल्समधील कार्डिफच्या टायगर बे या गोदी भागात 1934 साली जन्मलेल्या या मुलाचे स्वप्न कार्डिफ आणि वेल्ससाठी युनियन खेळण्याचे होते. पण 1953 मध्ये त्याला करारबद्ध केले ते विगन या लीग क्लबने, 3,000 पौंडांना. त्याने विगनसाठी 478 आणि एकूण 571 ट्राय केले. 1954 च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर निवडला गेलेला तो ग्रेट ब्रिटनचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता, आणि त्या दौऱ्यात त्याने 36 ट्राय केले. 1957 च्या विश्वचषकानंतर संघ प्रदर्शनी सामन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेला गेला, तेव्हा वर्णभेदामुळे बॉस्टनला मात्र एकट्याने घरी परतावे लागले. हे मी एका वाक्यात उरकायला नको होते. 2025 मध्ये त्याला नाइटहूड, म्हणजे 'सर' हा किताब, मिळाले. तोपर्यंत रग्बी लीगच्या एकाही खेळाडूला हा मान मिळालेला नव्हता, आणि बॉस्टन तेव्हा 90 वर्षांचा होता.

आपल्या सूचनेनुसार लेखात बॉस्टनवर स्वतंत्र भाग जोडत आहे. त्याच्याबरोबर कार्डिफचाच क्लाइव्ह सलिव्हनही येईल, ज्याने 1972 च्या विश्वचषकात ग्रेट ब्रिटनचे नेतृत्व केले आणि ल्योंच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध जवळजवळ संपूर्ण मैदान धावून ट्राय केला. फॉक्सच्या भागातले एकही वाक्य मी कमी करणार नाही. त्यात फक्त ट्रॉफीचा उल्लेख किकच्या आधी आणणार आहे.