अंगात कॅल्शियम कमी झालंय, जरा कट वाढा

रात्री पावणेदहाला मला मिसळ पाहिजे असते. नुसती आठवण येते असं नाही, पाहिजेच असते. म्हणजे जेवण झालेलं असतं, ओटा पुसून झालेला असतो, बायको टीव्हीपुढं बसून वाटीतले बर्फाचे खडे कडाकडा चावत मालिका बघत असते, आणि माझ्या जिभेच्या मागं कुठंतरी लालभडक कट उकळायला लागतो, त्यावर फरसाण, त्यावर बारीक कांदा, शेजारी ब्रेडच्या दोन स्लाइस (पाव मागणारा आमच्यात लगेच परगावचा म्हणून ओळखू येतो). आता कोल्हापुरात मिसळ म्हणजे सकाळचं काम, दुपारनंतर बऱ्याच ठिकाणी पातेली घासून पालथी घातलेली असतात, त्यामुळं रात्रीची मिसळ ही दाढदुखीसारखी नुसती सोसायची गोष्ट आहे.

वीस वर्षं मी हा आपला खादाडपणा समजून निमूट सोसलं. मग फॅमिली ग्रुपवर तो तक्ता आला.

मेव्हण्यानं पाठवलेला. गुलाबाच्या फुलाच्या आणि सुप्रभातच्या बरोब्बर खाली. डावीकडं तुम्हाला काय खावंसं वाटतंय, उजवीकडं तुमच्या अंगात काय कमी आहे. चॉकलेट खावंसं वाटतंय, मॅग्नेशियम कमी. गोड खावंसं वाटतंय, क्रोमियम कमी. ब्रेड, तर नायट्रोजन. तेलकट, तर कॅल्शियम. खारट, तर क्लोराइड. फोटो काढताना खालच्या एकदोन ओळी कापल्या गेल्या होत्या पण मला त्याची गरज नव्हती, मी तेवढ्यातच हिशोब मांडला. कट तेलकट, म्हणजे कॅल्शियम. बरोबर ब्रेड, म्हणजे नायट्रोजन. फरसाण खारट, म्हणजे क्लोराइड. अरे म्हणजे मी खादाड नव्हतोच की, मी पेशंट होतो! एवढी वर्षं एका आजारी माणसाला घरात टोमणे खावे लागत होते आणि त्या टोमण्यांत कॅल्शियम किती असतंय ते कुणीच बघितलं नव्हतं.

"अगं, हे बघ जरा," म्हणून मी फोन बायकोच्या हातात दिला. तिनं चष्मा लावून तक्ता वरनं खाली वाचला, परत वाचला, आणि स्वतःच्या नंबरवर फॉरवर्ड करून घेतला. इथंच मला शंका यायला पाहिजे होती.

"कॅल्शियम कमी झालंय होय तुम्हाला? थांबा, मी बघतो काय करायचं ते." (आमच्याकडं बायका 'मी करतो, मी बघतो' असंच म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात नाचणीची आंबील. "शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतंय," ती फोनमध्ये बघून वाचत होती, "तुमच्या कटात किती असतंय सांगा." कटात तेल असतंय, मिरची असतीय, कांदा-लसूण चटणी असतीय, पूर्वजांची पुण्याई असतीय, पण कॅल्शियमचं काय ते मला सांगता येईना. नायट्रोजनचा विषय काढला तर म्हणाली हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, गॅलरीत जाऊन उभारा. मी खरंच उभारलो. खालच्या घरात कुणीतरी सुकट भाजत होतं. नायट्रोजन मिळाला का माहीत नाही, भूक मात्र डबल झाली.

आमच्या मुलीनं हे बघून शहाणं व्हायला पाहिजे होतं, पण ती माझ्यावर गेलीय. तिनं चॉकलेट मागितलं आणि वर म्हणाली, मम्मी, मॅग्नेशियम. झालं, तिच्यापुढं लाल भोपळ्याच्या बियांची वाटी आली, कारण डार्क चॉकलेटच्या दुपटीपेक्षा जास्त मॅग्नेशियम त्या बियांत असतंय हेही बायकोनं शोधून ठेवलेलं. चार बिया खाऊन मुलगी म्हणाली, मला आता बरं वाटतंय.

तर अशी आठवडाभर आंबील पिऊन झाली, पोटात कॅल्शियमच कॅल्शियम, आणि रात्री पावणेदहाला कट जिथल्या तिथं. उलट जास्तच, कारण आता मिसळीच्या बरोबरीनं आंबील सोडून जगातलं काहीही चालेल असं वाटायला लागलं होतं.

रविवारी भाचा आला. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या पोराला आपण काही विचारलं नाही तरी तो सांगतोच. मटणाच्या ताटावर बसूनच त्यानं तक्त्याचं पोस्टमॉर्टम केलं. पहिल्यांदा मामीला म्हणाला की हवेतला नायट्रोजन माणसाला तसा वापरता येत नाही, तो प्रथिनांतनं यावा लागतो, म्हणजे मिसळीत बघायचंच झालं तर ब्रेडपेक्षा मटकीकडं बघा. मग चॉकलेटचं सांगितलं. १९९४ साली अमेरिकेत दोघा संशोधकांनी चॉकलेटची तलफ येणारी माणसं घेतली, आणि तलफ आली की कधी नेहमीचं दुधाचं चॉकलेट दिलं, कधी पांढरं चॉकलेट, कधी नुसत्या कोकोच्या कॅप्सूल. आता चॉकलेटातला जो काही औषधी माल आहे तो कोकोत, म्हणजे कॅप्सूलमध्ये तो जवळजवळ सगळा आलेला. आणि पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोची भुकटी नसतेच, नुसतं कोकोचं लोणी, साखर आणि दूध. तर कॅप्सूलनं तलफ जरासुद्धा हलली नाही, आणि पांढऱ्या चॉकलेटनं थोडी का होईना भागली.

"म्हणजे मामा, कमतरता असती तर कॅप्सूलनं काम झालं असतं. जिभेला चव पाहिजे असते, बास."

मला हे पटत नव्हतं, किंवा पटून घ्यायचं नव्हतं, म्हणून मी विचारलं की मग शरीर कधीच काही सांगत नाही असं म्हणायचंय का तुला. तर तो जरा थांबला आणि म्हणाला, सांगतं, पण क्वचित. १९४० सालची एक केस आहे, अमेरिकेतलाच साडेतीन वर्षांचा मुलगा. मिठासाठी जीव टाकायचा, नुसतं मीठ खायचा, अगदी सुरुवातीला जे शब्द बोलायला शिकला त्यात मीठ होतं. दवाखान्यात ठेवला, तिथं सगळ्यांसारखा बेताच्या मिठाचा आहार चालू केला आणि आठवड्यात तो गेला. नंतर कळलं की त्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच बिघडलेल्या, अंगात मीठ टिकतच नव्हतं, पोरगं आपल्या हातानं स्वतःला जगवत होतं.

ताटावर सगळे गप्प झाले. आई म्हणाली, "काय गं बाई, लेकरू." मी भडंगाच्या डब्याकडं सरकवलेला हात मागं घेतला, कारण मला क्लोराइड कमी पडतंय असं म्हणायची ती वेळ नव्हती.

पण भाचा गेल्यावर मी खरंच विचार करायला लागलो. आमच्यात बुधवार आणि रविवार मटण ठरलेलं, तेव्हा एखाद्या बुधवारी नाही मिळालं तरी मी काही तडफडत नाही. पण गटारी झाली, श्रावण लागला, की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मला तांबडा रस्सा दिसायला लागतो. आता आदल्या रात्री दीड वाटी पांढरा आणि मोजता न येण्याइतका तांबडा पिलेल्या माणसाला सात तासात प्रथिनांची कमतरता कशी होईल? कमतरतेला पंचांग कळतंय का? रंकाळ्यावर फिरायला जातो तिथंही तेच. भेळेची गाडी यायच्या आधी पोट शांत, गाडीजवळ आलं, चिंचेच्या पाण्याचा आणि कांद्याचा वास आला की जीव कासावीस, आणि पन्नास पावलं पुढं गेलं की परत शांत. एवढ्यात कुठलं जीवनसत्त्व कमी होऊन परत भरून आलं म्हणायचं? आणि शेजारच्या काकू! जन्मापासून शाकाहारी, मागच्या वर्षी बी-१२ एवढं खाली गेलं की पायाला मुंग्या यायला लागल्या, इंजेक्शनं घ्यावी लागली. बी-१२ मटणात असतंय, अंड्यात असतंय. तक्त्याच्या हिशोबानं काकूंना रात्री झोपेत नळी दिसायला पाहिजे होती. पण आमच्याकडं बुधवारी फोडणी पडली की त्या आजही खिडकी लावून घेतात, ती पण आवाज करून.

एवढं सगळं कळूनही मी हार मानली नाही. मला कागद पाहिजे होता, शिक्का असलेला. एका लॅबची स्कीम होती, फुल बॉडी चेकअप, नवरा-बायको दोघांनी मिळून केलं तर दुसऱ्याचं निम्म्यात. बायकोला कशाची तपासणी करायची नव्हती, पण निम्म्यात मिळणारी गोष्ट सोडणं तिच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून ती आली. सकाळी उपाशीपोटी दोघांनी रक्त दिलं, आणि समोरच मिसळीचं दुकान उघडत होतं हे मी इथं लिहीत बसत नाही.

रिपोर्ट घेऊन आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. माझं कॅल्शियम नॉर्मल. मॅग्नेशियम नॉर्मल. क्लोराइड नॉर्मल. "तुमच्यात कमी असं काहीच नाही," डॉक्टर म्हणाले, "कोलेस्टेरॉल तेवढं जास्त आहे." मी मान खाली घातली. मग त्यांनी बायकोचा कागद उघडला आणि त्यांचा चेहराच बदलला. हिमोग्लोबिन ७.८. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात, आणि हिचं आठसुद्धा नव्हतं.

"दम लागतो का वहिनी?"

"जोतिबाच्या पायऱ्या चढताना लागला होता मागं. वय झालं म्हटलं."

"बर्फ खाता का?"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो. हा माणूस आमच्या फ्रीजमध्ये कधी डोकावला? दोन वर्षं झाली असतील, बर्फाचे दोन्ही ट्रे संध्याकाळपर्यंत रिकामे. मला वाटायचं उन्हाळा आहे. मग पावसाळ्यात वाटायचं सवय आहे. थंडीत डोक्यावर स्कार्फ बांधून बर्फ चावायची तेव्हाही मला काही वाटलं नाही, कारण त्या आवाजात मालिकेतले डायलॉग ऐकू यायचे नाहीत हा मला फायदाच होता.

डॉक्टर म्हणाले की लोह कमी झालं की काही माणसांना बर्फाची अशी ओढ लागते, काहींना मातीची, खडूची, कच्च्या तांदळाची. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत २०१९-२१ च्या सरकारी सर्वेक्षणात ५७ टक्के जणींना ॲनिमिया निघालाय, त्यातल्या कितीतरी घरी असंच काहीतरी गुपचूप खात असतील. आणि बर्फात लोह किती? शून्य. मला राहून राहून याचंच नवल वाटत होतं. अंगाला लोह पाहिजे तर ते मागावं की सरळ, कोल्हापुरात राहतोय, रक्ती मागावी, त्याच्याइतकं लोह कशात मिळणार. पण नाही, अंग मागतंय बर्फ! म्हणजे तक्रार एकदम खरी आणि पत्ता साफ चुकीचा.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आरं मग मी बी खायची की, पाटीवरची पेन्सिल. तू पोटात हुतास तवा. सासूबाई म्हणायच्या डोहाळं हायत, खाऊ दे." पेन्सिलीचे डोहाळे सगळ्यांनी कौतुकानं पुरवले आणि रक्त तपासायचं कुणालाच सुचलं नाही. मी म्हटलं आई, किती खायचीस? "लई न्हाई, दिसाला दोन-तीन." माझं शाळेतलं अक्षर वाईट का होतं ते मला त्या दिवशी कळलं.

आईनं लगेच गुळाची ढेप बाहेर काढली, कोल्हापुरात रक्त वाढवायचं म्हणजे गूळच. गूळ खा की, पण जेवणानंतरच्या खड्यानं ७.८ चे १२ होणार नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कमी का झालं त्याच्याही तपासण्या लिहून दिल्या आणि लोहाच्या गोळ्या चालू केल्या. गोळीबरोबर चहा नाही, चहानं लोह अंगी लागत नाही, त्यापेक्षा लिंबू पिळा. दोन आठवड्यांतच मी बघितलं, रात्री पावणेदहा, मालिका चालू, आणि डायलॉग अगदी स्वच्छ ऐकू येतायत. फ्रीज उघडला तर दोन्ही ट्रे भरलेले. मला एकदम कसंतरीच झालं. दोन वर्षं तो आवाज मी ऐकत होतो.

मधल्या काळात मेव्हण्यानं ग्रुपवर अख्खा तक्ता परत टाकला, या वेळी न कापलेला. सगळ्यात खाली एक ओळ होती, बर्फ चावणे, लोह कमी. अख्ख्या तक्त्यात एकच ओळ धड होती आणि तेवढीच आमच्या फोटोत कापली गेलेली. मी त्याला फोन केला, पण काय बोलायचं ते सुचेना, म्हणून पाऊस कसा आहे विचारून ठेवला.

गेल्या रविवारी सकाळी बायकोच म्हणाली, चला मिसळ खायला. मोड आलेली मटकी, म्हणजे लोह आलंच, मोड आल्यामुळं ते जरा जास्त अंगी लागतंय, वर लिंबू, मला डॉक्टरांनी सांगितलंयच. गाडी चालवताना माझे हात थरथरत होते. बाकड्यावर बसलो, पोरगं आलं, तिनं ऑर्डर दिली.

"एक मिसळ, कट जास्त, लिंबू दोन फोडी. आणि यांना नुसती मटकी, कट नको, फरसाण नको. कोलेस्टेरॉल आहे यांना."

पोरानं माझ्याकडं बघितलं. कोल्हापुरात कटाशिवाय मिसळ मागणारा माणूस त्यानं बहुतेक पहिल्यांदाच बघितला असावा.

"परगावचे काय?" त्यानं बायकोला विचारलं.

"व्हय," ती म्हणाली, आणि लिंबू पिळायला लागली.