पोरीचं वजन किती?

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला लागलं की कोल्हापुरात सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर एकच विषय, ४३ झालं की धोका, आणि आम्ही डॉक्टर मंडळी गोळ्यांची खोकी भरायला लागतो. २०१९ च्या पुरात मी पण भरली होती. पाणी ५५ फुटाच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, बाहेरनं काय येईना. शहरातल्या एका मंगल कार्यालयात कॅम्प होता, तिथं मी दोन दिवस बसलो.

पॅरासिटामॉल ५०० चा ढीग, सिरपच्या बाटल्या तीन! सलाईनच्या सुया हिरव्या नि गुलाबी, बारक्या पोरांना लागती ती पिवळी एकसुद्धा नाही. त्यात दीड वर्षाची एक पोरगी आली, सकाळपासनं जुलाब, डोळे खोल गेलेले, आणि आईनं ओआरएसचं अख्खं पाकीट एका फुलपात्रात कालवलेलं (पाकीट एक लिटरचं असतं ओ, एवढं दाट पाजलं तर रक्तातलं मीठ वाढून पोर अजूनच बिघडतं). वजन किती विचारलं तर कुणालाच माहीत नाही, आणि पोरांचा डोस तर वजनावर. शेवटी कोठीतला तांदूळ मोजायचा काटा काढला, आई पोरीला घेऊन उभारली, मग एकटी उभारली, वजाबाकी केली. आठ किलो. मग नवीन पाणी करून दर दोन मिनिटाला चमचा चमचा पाजत बसलो. संध्याकाळी पोरीनं शू करून आजीची साडी भिजवली आणि आजी हसली, तवा जीव भांड्यात पडला.

पण खरं सांगू, इतक्या वर्षांची प्रॅक्टिस असून मी त्या दिवशी अंदाजानंच चाललो होतो. आपल्याकडं ड्रिल होतात, बोट, दोर, लाईफ जॅकेट, आणि झोपवलेला डमी कायम मोठ्या माणसाचा. एकदम खूप जखमी आले की कुणाला आधी बघायचं ते ठरवायची जंपस्टार्ट म्हणून पद्धत आहे, अमेरिकेतल्या डॉ. लू रोमिग यांनी १९९५ ला पोरांसाठी काढलेली. अशा वेळी मोठ्या माणसाचा श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास येत नसेल तर त्याला काळी पट्टी (म्हणजे वाचायची आशा नाही) लावून पुढं जायचं असतं. पोराचं तसं नाही, नाडी लागत असेल तर आधी पाच श्वास देऊन बघायचं, कारण पोरांचं हृदय बहुतेक वेळा श्वास अडकल्यामुळंच थांबतं. मिनिटाला ३५ श्वास मोठ्याला लाल पट्टीत (म्हणजे लगेच उपचार) टाकतात, पोराला ४५ पर्यंत चालतात. एवढा फरक आणि आमच्यातल्या किती जणांना पाठ आहे?

आणि ट्रेनिंग बालरोगतज्ज्ञांना नको, त्यांना येतंयच की, पण ते नेमके पाण्याच्या पलीकडं अडकलेले असतात. कॅम्पला पोचतो तो गल्लीतला साधा डॉक्टर, सरकारी आरोग्य केंद्रातली सिस्टर, आशाताई. त्यांना शिकवा. पावडर दुधाचे डबे वाटत फोटो काढणाऱ्या दादा लोकांना पण बसवा एकदा, गढूळ पाण्यात ते दूध कालवून पोरं आजारी पडतात, त्यापेक्षा अंगावर पाजणाऱ्या आयांना एक आडोसा करून द्या.

मे मधला एक रविवार काढूया. काटा मी आणतो, पोराच्या मापाचा डमी कुणाकडं असला तर इनबॉक्स करा.